खिळ्यांचा पट्टा

अंहं, बोलू नका शेवंतामावशी, तुम्ही बोललात की गळा हलतो आन् माप चुकतं. हनुवटी वर. आसं. टोचत न्हाई ना? आतनं जुन्या गोधडीचं अस्तर लावती मी. खिळ्यांची टोकं सगळी बाहेरच्या अंगाला, फुलं तोडायला वाकलात तरी घासणार न्हाई. बिबट्या मागनं मानंवरच येतो, म्हणून मागं दाट मारलेत. — कुणी शिकवलं? कुणी न्हाई, धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात आसा पट्टा बघितला हुता. अकरावीला नागसेन सरांनी प्रोजेक्ट दिला — आपल्या गावाला काय लागतं ते हुडका आन् करून आणा, पुस्तकातलं उतरवू नका. पोरींनी मेणबत्त्या आणल्या, तुमच्या करिश्मानं कागदी पिशव्या, मी हे नेलं. सगळा वर्ग हसला. मागनं कुणीतरी भुंकलं बी. पण सरांनी पट्टा सवताच्या गळ्यात घातला आन् तसाच अख्खा तास घेतला, तवा गप झाले. म्हणले, भाग्यश्री, हा प्रोजेक्ट न्हाई, हा धंदा हाय.

तवापासनं डोक्यात एकच — दौंडला स्टेशनसमोर गाळा. पट्टे काय कायमचे चालणार न्हाईत, मग पर्सा, दप्तरं, सगळं शिवायचं. आधी बारावी, मग बी.कॉम., म्हंजी हिशेबाला कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. व्हिडिओ टाकला तर पार जुन्नरवरनं फोन आले. आन् अण्णा — सख्खा बाप असून आधी म्हणायचे, कुत्र्याचे पट्टे करून पोट भरतं व्हय? आता तेच फोन उचलत्यात, आत बोलतायत ते गिऱ्हाईकाशीच. फाटकावर पाटी बघितली का? 'भाग्यश्री उद्योग'. त्यांनीच रंगवून आणली. मी फोटो काढून साऱ्या वर्गाला पाठवला, लई खूश हुती ओ मी. आन् त्याच दिवशी जेवताना म्हणले, आता कशाला जातीस उसातनं फाट्यावर यष्टी धरायला, जिवाला घोर लागतो, घरबसल्या कमवतीस की.

हळू बोलती, आत ऐकू जातं. — ते वाईट न्हाईत मावशी. त्यांची भीती खोटी न्हाई, आपली शेळी बिबट्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत नेली. पण वनखात्यानं त्यो दिवाळीआधीच धरून नेला ना? तर म्हणत्यात, दुसरा आला आसंल. ही जाळी मारली ओट्याला. सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा दे म्हणत्यात, कॉलेजात न जाता, घरी बसून. परीक्षा देईन ओ, पण नागसेन सर सतरा नंबरात येत्यात का? खो-खोत मी सगळ्यांच्या पुढं पळायची, आता ह्या टोकापासनं त्या टोकापत्तर ओटा. देवाला तरी काय मागायचं? बिबट्या जाऊ दे म्हणावं तर धंदा बसतो, राहू दे म्हणावं तर मी बसती. पट्टा जेवढा चांगला करावा तेवढं अण्णांचंच खरं हुतं — आन् वाईट करता येत न्हाई मला, कुणाच्या तरी मानंवर जायचा असतो त्यो.

झालं तुमचं. बकल लावून बघा. — आन् ह्यो गाठी मारलेला दोरा कशाचा? दुसरं माप? कुणाचं?

करिश्माचं? कॉलेजला जाताना घालायला? — व्हय का. तिचे पप्पा म्हणले, पट्टा घाल पण कॉलेज चुकवू नको? बरं झालं की. न्हाई ओ, रडती कशाला, चिकटवायच्या सोल्युशनचा वास डोळ्यात जातो. तिचा आजच करती. गोधडीतला मऊ तुकडा काढून ठेवलाय, त्यो लावती. — मावशी, बाकावर तिच्याशेजारी आता कोण बसतं? राहू द्या, नका सांगू.

एक करता का? तुम्ही बोला ना अण्णांशी. तुमचं ऐकत्यात ते. माझं नाव नका घेऊ, नुसतं म्हणा, आमची करिश्मा जातीय, दोघी जोडीनं जात्याल. नुसतं एवढंच —

आले अण्णा. व्हय, मावशींचंच माप घेती. करिश्माचा बी करायचाय, व्हय, ऑर्डरच हाय. — काय मावशी? माझा पट्टा? माझा कुठाय म्हणून इचारताय?

मला कशाला लागतोय. मी कुठं जाती.

उजेड हाय तवर निघा आता. आन् जाळी ओढून घ्या जाताना.