डोंगरावरचं अस्वल

हॅलो?… हॅलो, कोण?… अवं चेतना! जय भीम, जय भीम… थांब, गॅस बंद करते, कुकर ओरडून राहिला… हं, बोल आता.

हो, हो… आहे ना ध्यानात. भाऊजींना आज त्यांच्या साहेबाले सांगायचं आहे, आमचा प्रफुल्ल नागपूरले नोकरीवर येते का नाही ते. पण अवं ऐक ना…

नाही, 'हो' नाही म्हटलं मी… 'नाही' बी नाही म्हटलं! काल घरात काय झालं ते आधी ऐक, मंग ओरड बहिणीवर.

तुले तं माहीत आहे, या पोट्ट्यानं स्टील प्लांटची नोकरी सोडली तवापासून बापलेकाचं बोलणं बंद. मीठ पाहिजे तरी माझ्यामार्फत. यांची सारी जिंदगी रेल्वेत गेली, आणि पोरगा म्हणते, मी घरी बसून खेळ बनवतो… मोबाइलवरचा नाही गं! पटावरचा. पंडरीच्या कापड बाजारातून जाडं कापड आणलं, त्यावर जंगल रंगवलं. नदी, डोंगर, बांबूचं बन, मोहाचं बन. आणि लाकडाचे प्राणी. वाघ, अस्वल, रानम्हशी, माकडं…

सापशिडीसारखं? छे, फासेच नाहीत त्यात. ज्याची जनावरं भारी, जंगलाचा तो तुकडा त्याचा. एक वाघ म्हणजे तीन माकडं समज. पण दोन वाघ एका बनात राहू शकत नाहीत… हो, आमच्या घरासारखंच! हस, हस.

तं काल त्याचे दोस्त येणार होते, खेळून पाहायले. एकाची गाडी पंक्चर, दुसऱ्याकडं पाहुणे. आली आमची दीक्षा रसोईत, "मम्मीजी, आप बैठ जाइए ना"… हव, सून अजून हिंदीतच बोलते. समजते सारं. बसली मी. तरी एक जण कमी. आणि हे तिथंच, पेपर तोंडासमोर धरून. मी म्हटलं, अहो, बसता का?… काय म्हटलं असन सांग? "पाहू तं खरं, कोणत्या पोरखेळापायी नोकरी सोडली यानं." असं म्हणत बसले.

आणि चेतना, पहिल्याच डावात मी यांची नदी घेतली!… हव! मीच! माझी माकडं पटापट तिकडं गेली, यांच्या म्हशी पाण्यात तशाच उभ्या. यांचं तोंड पाहायचं होतं तू. "ही काहून जिंकून राहिली?" म्हणे. जसं काही मी जिंकायचंच नाही!

ऐक, ऐक, पुढं तं ऐक… दुसरा डाव. यांचं अस्वल डोंगरावर एकटं. प्रफुल्लचा वाघ बाजूलेच. एक चाल खेळला असता तं डोंगर गेला असता यांचा. मले दिसत होतं, दीक्षाले दिसत होतं. आणि या पोट्ट्यानं वाघ उचलून बांबूच्या बनात नेऊन ठेवला. जिंकले ना हे…

खुश? खुश कायचे! पटाकडं पाहत राहिले. मंग सरळ त्याच्याकडं पाहून म्हणतात, "वाघ डोंगरावर काहून नाही आणला?" अवं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलले त्याच्याशी! तो म्हणते, "ध्यानात नाही आलं, बाबा." "झूठ नको बोलू. खेळ तुझा आणि तुझ्याच ध्यानात नाही आलं? मले जिंकवून राहिला का?"

घाबरली ना मी! दीक्षाचं तोंड उतरलं. वाटलं, आता उधळतात पट, आणि पोट्टा उद्या गुमान नागपूरची गाडी पकडते…

नाही उधळला. एकेक प्राणी पुसून परत जाग्यावर मांडला. म्हणे, "तुले या खेळावर भरोसा असन, तं हरव मले. दया नको करू."

हरवलं गं!… चांगलं हरवलं. डोंगर घेतला, मोहाचं बन घेतलं. हे चाल खेळताना कपाळाले हात लावून बसायचे, चहा तसाच थंड. शेवटी अस्वलाले जागाच उरली नाही. आणि हे काय विचारतात? "हे सारं तुलेच सुचलं?"… हो. मंग, "म्हशी इतक्या हळू काहून चालवतो?" तो सांगू लागला, हे ऐकू लागले. हे काही म्हणायचे, तो म्हणायचा, नाही बाबा, मंग डाव अडकते… भाकरी थंड झाल्या. मी मुद्दामच आवाज दिला नाही.

हं… हं… समजलं मले. भाऊजींनी शब्द टाकला होता, त्यांना वाईट वाटन. हे स्वतःच बोलणार आहेत त्यांच्याशी. म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाहू दे त्याले… खेळ खपन का? मले काय माहीत बाई! त्यालेच माहीत नाही. पण काल रात्री जेवताना मीठ त्यानं स्वतः मागितलं आणि यांनी दिलं…

रडून राहिली का तू?… बरं, सर्दी तं सर्दी.

कुठं आहेत? विहारात गेले सकाळी वंदनेले. आणि तो पट बगलेत घेऊन गेले! विचारलं तं म्हणे, आमच्या पेन्शनरांना दाखवतो… थांब, थांब, आलेच वाटते… अहो, चेतनाचा फोन आहे… रिकाम्या हातानं काहून आले? पट कुठं?…

चेतना, हे पट तिथंच ठेवून आले! मंडळी उठायले तयार नाहीत म्हणे, नदीवरून भांडण लागलं दोघांचं… हो, ऐकून राहिली ना? तो प्रफुल्लच ओरडून राहिला. "बाबा, एकच तं होता!"… आणि हे काय म्हणतात… "तं दुसरा बनवू."

अवं, खरंच बसले खाली! बाह्या वर करून राहिले, कापड मी कापतो म्हणतात… अहो, ती नाही, ती भाजीची कैची आहे!… ठेवते गं, ठेवते!