शंभरात तीन

बाबा : म्हणजे आपल्याकडे सायकलनं जाणारे शंभरात तीन?

मुलगी : तीनला थोडे कमी. पण भाषणात आम्ही तीन म्हणतो.

बाबा : आणि तुझे ते पाहुणे येणार आहेत, त्यांच्या शहरात?

मुलगी : शंभरात चाळीस. ऑफिसला, शाळेला, कारखान्यात, सगळीकडे सायकलनं. त्यांच्या महापौरबाईसुद्धा सायकलनं येतात.

बाबा : पावसातसुद्धा?

मुलगी : बर्फातसुद्धा.

आई : तिथल्या मुली बापाच्या सायकलला साखळी घालून कुलूप लावत नसतील.

मुलगी : आई, तू सुरू होऊ नकोस हं. मी आधीच वैतागलेय.

आई : मी कुठे काय बोलले? मी आपली भाजी निवडतेय.

बाबा : थांब गं, मला हिशेब समजून घेऊ दे. ते डोंगरावरचं शहर आहे ना, तिथं किती म्हणालीस?

मुलगी : शंभरात सात.

बाबा : त्या चढावर? अगं, तिथं बस चढताना धापा टाकते!

मुलगी : त्यांनी उतारावर मोजले.

बाबा : आणि ते परत घरी कसे जातात?

मुलगी : ते त्यांनी मोजलं नाही.

बाबा : वा रे वा! आणि ते बंदराचं शहर? शंभरात बारा का काय?

मुलगी : त्या आठवड्यात तिथं बसवाल्यांचा संप होता. बाबा, तुम्ही हसताय, पण याच आकड्यांवर निधी मिळतो. आपण तीनचे पाच दाखवले तर दुसरा सायकल ट्रॅक मंजूर होईल. म्हणून तर उद्या सगळं नीट व्हायला हवं. पाहुणे नऊ वाजता ट्रॅकवर येणार, समोर उभे राहून मोजणार, फोटो काढणार.

बाबा : आणि तीनचे पाच व्हायला उरलेले दोन कुठून आणणार? उसने?

मुलगी : आमच्या रस्ते खात्यातले सगळे उद्या सायकलनं येणार आहेत. लेखी आदेश निघालाय.

आई : तो तुझा जाडा साहेबसुद्धा? त्याला जिना चढताना घाम फुटतो, मी पाहिलाय.

मुलगी : साहेब फक्त शेवटच्या वळणापासून चालवणार.

बाबा : आणि वळणापर्यंत?

मुलगी : ...ट्रक येणार आहे.

बाबा : काय?

मुलगी : सायकली ट्रकमधून येणार. माणसं आपापल्या गाड्यांनी येणार. वळणामागे उतरायचं आणि सायकलवर बसायचं. हसू नका ना! आई, तू तरी हसू नकोस!

आई : अगं, पोटात दुखायला लागलं माझ्या. ट्रकमधून सायकली! लग्नाला भाड्याचे पाहुणे आणावेत तसं!

बाबा : बरं. झालं हसून. आता मुद्द्याचं बोल. सकाळपासून माझ्याभोवती घिरट्या घालतेयस, तू मला ही गंमत सांगायला आलेली नाहीस.

मुलगी : तुम्ही उद्या पुढे असावं असं मला वाटतं. सगळ्यांच्या पुढे. शहरातले सर्वांत ज्येष्ठ, रोज कामावर सायकलनं जाणारे गृहस्थ. मी साहेबांना सांगूनसुद्धा टाकलंय.

बाबा : रोज?

मुलगी : हो.

बाबा : कामावर?

मुलगी : बाबा...

बाबा : इंजिनीअरबाई, तीन महिने झाले माझी सायकल जिन्याखाली साखळीला बांधलेली आहे. किल्ली तुमच्या पर्समध्ये आहे. मी रोज खाटेवरून खुर्चीत जातो आणि खुर्चीतून खाटेवर. तुमच्या शंभरातल्या तिघांपैकी एक तर तुम्हीच घरात कोंडून ठेवलाय!

मुलगी : हाताचं हाड मोडलं होतं तुमचं. आत पट्टी टाकलीय स्टीलची. डोकं थोडक्यात वाचलं.

बाबा : हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चालवा.

मुलगी : डॉक्टर काहीही म्हणतील. हॉस्पिटलमध्ये तुम्हाला त्या अवस्थेत मी बघितलंय. मला अजून रात्री झोप लागत नाही.

बाबा : मला ठाऊक आहे. म्हणून तर कुलूप कापलं नाही. उभी हयात बॉयलरवर गेली माझी, ती साखळी कापायला मला कितीसा वेळ लागला असता? पण तू तिथं एवढी रडलीस, की म्हटलं जाऊ दे, पोरीचा जीव शांत होऊ दे. पण आता लॉन्ड्रीवाला थांबायला तयार नाही.

मुलगी : थांबायला तयार नाही म्हणजे?

आई : ऐक आता. हे तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं.

बाबा : हॉस्पिटलचे कपडे धुतात ना, तिथला बॉयलर मी बघतो. निवृत्त झाल्यावर तेवढंच तर काम उरलंय मला. उजाडायच्या आत वाफ तयार लागते. पहिली बस सुटते तोवर तिथं चादरी गरम पाण्यात गेलेल्या असतात. तीन महिने जुना सोबती माझ्या जागी उभा राहतोय, पण त्याचे गुडघे गेलेत. एक तारखेपर्यंत मी आलो नाही तर दुसरा माणूस ठेवणार आहेत.

मुलगी : मग मी सोडत जाईन ना गाडीनं!

आई : रोज? अंधारात? तुला आठ वाजता हलवून उठवावं लागतं.

बाबा : आणि मी काय शाळेत जाणारं पोर आहे, गाडीतून सोडायला? मला कामावर जायचंय. माझ्या पायांनी, माझ्या सायकलवर.

आई : ती तरी काय सायकल! गेटचा उरलेला पोपटी रंग फासलाय तिला. सगळ्या शहरात तसलं ध्यान दुसरं सापडायचं नाही.

बाबा : म्हणून तर कधी चोरीला गेली नाही.

मुलगी : बाबा, मी काही दुष्ट नाही हो. रस्ताच तसा आहे. तुम्ही भाजीबाजाराच्या चौकात पडलात, कारण तिथं ट्रॅक नाही. मी हेच तर सगळ्यांना ओरडून सांगतेय! परवाच्या सभेत तुमचंच उदाहरण दिलं. म्हटलं, ट्रॅक असता तर माझे वडील आज सायकलवर असते. टाळ्या वाजल्या.

आई : अहो, सांगा ना तिला.

बाबा : काय सांगू?

आई : कुठे पडलात ते.

बाबा : भाजीबाजाराच्या चौकात. कितीदा सांगायचं? तू तुझी भाजी निवड.

आई : निवडतेच आहे. माझं काय जातंय!

मुलगी : तुम्ही माझ्या ट्रॅकवरून जात असतात तर...

बाबा : मी तुझ्या ट्रॅकवर कधी पाऊल ठेवलेलं नाही. बरं, ऐक. येतो मी उद्या. पुढे राहतो, हात हलवतो, दात दाखवतो. पण माझी एक अट आहे.

मुलगी : किल्ली.

बाबा : किल्ली तर आहेच. पण आधी तू मागे कॅरिअरवर बसायचंस. पाहुणे यायच्या आत, ट्रॅकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शाळेत नेत होतो तसं.

मुलगी : वेड लागलंय का तुम्हाला? माझं वजन किती, तुमचं वय किती! आणि ऑफिसच्या साडीत?

आई : शाळेत एकदा पाय चाकात घातला होतास. केवढं रामायण झालं होतं!

बाबा : तुझा ट्रॅक आहे ना? सपाट आहे, सुरक्षित आहे, तूच सभेत सांगतेस. मग भीती कसली?

मुलगी : भीती नाही वाटत मला.

बाबा : मग किल्ली काढ.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे येण्याआधी, सायकल मार्गावर. वडील सायकल चालवतायत, मुलगी मागे कॅरिअरवर.)

मुलगी : हळू! हळू ना, बाबा!

बाबा : याच्यापेक्षा हळू गेलो तर आडवे होऊ. रंग मात्र झकास दिलाय हं. लालभडक.

मुलगी : परवाच दिला. पाहुण्यांसाठी.

बाबा : आणि या कुंड्या?

मुलगी : त्यासुद्धा पाहुण्यांसाठी.

बाबा : ट्रॅकवर?

मुलगी : फुटपाथवर ठेवायच्या होत्या. तिथं दुकानवाल्यांनी भांडण काढलं. सायकलवाले भांडत नाहीत ना, म्हणून... उजवीकडे घ्या! उजवीकडे!

बाबा : घेतली, घेतली. माझा शर्ट सोड, फाटेल. ही कुणाची गाडी उभी आहे आडवी?

मुलगी : साहेबांची.

बाबा : तुमचा साहेब, सायकलवरून यायला निघालेला?

मुलगी : वळणामागे ट्रक आहे ना, म्हणून त्यांनी इथंच लावली असेल. अहो, समोरून मोटरसायकल येतेय! आपल्याच अंगावर येतेय! ए! ए, दिसत नाही का? हा सायकलचा ट्रॅक आहे!

बाबा : तो म्हणतोय, तुला रस्ता दिसत नाही का. काय गोड हसला बघ. चांगला मुलगा आहे.

मुलगी : खाली उतरू का मी?

बाबा : आत्ताशी तर निम्मा झाला. कडेला बघ, गटाराची झाकणं. त्यांच्या फटी कशा आहेत?

मुलगी : उभ्या आहेत.

बाबा : चाक आत जाण्याएवढ्या?

मुलगी : ...हो.

बाबा : आडव्या बसवल्या असत्या तर लोखंड तेवढंच लागलं असतं.

मुलगी : बाबा, पुरे आता. समजलं मला. टोमणे मारायलाच आणलंत ना? आणि आता ब्रेक का दाबलात?

बाबा : उतर. इथून जरा चालत जाऊ.

मुलगी : का? पुढे तर मोकळं आहे. झाडाच्या फांदीखेरीज काही नाही.

बाबा : फांदीमागे खांब आहे.

मुलगी : कुठला खांब?

बाबा : पाटीचा. ती निळी, सायकलचं चित्र असलेली. ट्रॅकच्या बरोब्बर मधोमध.

मुलगी : तुम्हाला कसं माहीत? इथून तर ती दिसत नाही. कालच म्हणालात, ट्रॅकवर कधी पाऊल ठेवलं नाही.

बाबा : ...असेल, असं आपलं वाटलं. तुमच्या खात्याची पद्धत बघून.

मुलगी : थांबा तुम्ही. मी बघून येते.

बाबा : अगं, राहू दे. चल, तुझे पाहुणे येतील. ऐक माझं! काय हट्टी कार्टी आहे!

मुलगी : बाबा.

बाबा : काय?

मुलगी : खांब वाकलाय. इथं, हँडलच्या उंचीवर.

बाबा : ट्रकनं वाकवला असेल. सायकली वाहून आणणाऱ्या.

मुलगी : रंग लागलाय त्याला. पोपटी.

बाबा : गेटं पुष्कळ असतात शहरात.

मुलगी : गेट चालत येऊन खांबाला धडकत नाही, बाबा! भाजीबाजार नव्हताच ना?

बाबा : भाजीबाजारसुद्धा काही कमी धोक्याचा नाही.

मुलगी : खोटं का बोललात? तीन महिने! आईला माहीत होतं, मला तेवढं नाही! माझ्याच पाटीवर आपटलात आणि मी तुम्हालाच कुलूप घातलं? मी सभेत उभी राहून सांगितलं हो... लोकांनी टाळ्या वाजवल्या...

बाबा : तू हॉस्पिटलमध्ये धावत आलीस तेव्हा तुझ्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. चपला दोन पायांत दोन तऱ्हेच्या. त्याच आठवड्यात या ट्रॅकचं उद्घाटन झालं होतं, तुझा फोटो आला होता पेपरात. तुझ्या आईनं तो अजून फ्रिजवर लावून ठेवलाय. तुला काय सांगायचं होतं? कुठल्या तोंडानं सांगायचं?

मुलगी : मीच हलवला हो तो खांब. नकाशावर खांब कडेला होता. तिथल्या दुकानवाल्याला त्याच्या बोर्डासमोर खांब नको होता. साहेब म्हणाले, जरा सरकवा. मी सरकवला. कागदावर एवढासाच सरकला होता. मी कधी इथं येऊन बघितलंच नाही.

बाबा : झालं ते झालं. रडू नकोस, काजळ पसरेल. फोटो आहे तुझा.

मुलगी : मला नको फोटो. बाबा, तुम्ही पाहुण्यांसमोर नाही चालवायची इथं.

बाबा : अगं, पण साहेबाला शब्द दिलायस ना?

मुलगी : माझ्या ट्रॅकवरून माझ्या बापाला मी जाऊ देणार नाही. पाहुणे आले की पहिल्यांदा त्यांना इथं आणते, हा खांब दाखवते, रंगसुद्धा दाखवते. मग ते मोजू देत काय मोजायचं ते.

बाबा : साहेब तुझं डोकं खाईल.

मुलगी : खाऊ दे.

बाबा : दुसरा ट्रॅक मिळणार नाही.

मुलगी : हाच अजून झालेला नाही. ही घ्या किल्ली. साखळीसकट तुमची. फक्त मला एवढं सांगा, लॉन्ड्रीला कुठल्या रस्त्यानं जाता?

बाबा : भाजीबाजारावरून. पहाटे तिथं चिटपाखरू नसतं. ट्रॅकवर मी एकदाच आलो होतो. म्हटलं, पोरीनं केलाय, बघावं तरी.

मुलगी : ...बाबा.

बाबा : काय गं, छकुले?

मुलगी : पाहुण्यांना अजून वेळ आहे. मला तो रस्ता दाखवा. पूर्ण.

बाबा : मग बस मागे. आणि पाय लांब ठेव, चाकात जातील.