हातात घेतल्यावर जड लागलं पाहिजे

...नाही, पण मला एक सांगा, जड म्हणजे किती जड? खेळणं आहे ते, लोणच्यावर ठेवायचा दगड नाही! पण नाही. गिऱ्हाईक दुकानात येतं, खोका उचलतं, हातावर तोलतं आणि चेहरा असा करतं जणू बाळाचं वजन घटलंय. रंग बघत नाही, चेहरा बघत नाही, बोटं बघत नाही. का? तर हातात घेतल्यावर जड लागलं पाहिजे!

तुम्हाला सांगतो, माझा उभा जन्म कात्सुशिकाच्या एका बोळात जस्त वितळवण्यात गेला. जस्त वितळवायचं, साच्यात दाबून सोडायचं, साचा उघडला की आत पाय. माणसाचे नव्हेत, खेळण्यातल्या रोबोचे. कुणाच्या नशिबी काय येतं, माझ्या नशिबी नडग्या आल्या. नडग्या, पावलं, मांड्या... कंबर आली की माझं राज्य संपलं, कारण वरचं सगळं प्लास्टिक. आणि हे बरोबरच आहे हो! खाली जस्त, वर प्लास्टिक, म्हणजे गडी उभा राहतो. इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट असली की ती बिघडवायला माणसं कमी पडत नाहीत.

आता हे घेतं कोण, तर पोरं नाही घेत. पोरांना कुठलं परवडायला. घेतात पन्नाशीतले बाप्ये, ज्यांचा लहानपणीचा रोबो आईनं साफसफाईत फेकून दिला. तो जो गेला ना, तो दरवर्षी त्यांच्या डोक्यात थोडा थोडा जड होत जातो. मी पाहिलेत ते जुने रोबो, माझ्या वडिलांनीच ओतलेत. हात वर, हात खाली, संपला कारभार. कळ दाबली की मूठ उडायची आणि फ्रिजखाली जायची. पण यांना आता वजन ते जुनं हवं, आणि वर गुडघ्यावर बसलाही पाहिजे, लाथही मारली पाहिजे, करंगळीसुद्धा वेगळी वळली पाहिजे. म्हणजे अंग सुमो पैलवानाचं आणि उड्या सर्कशीतल्या पोरीच्या. जमेल का? तुम्हीच सांगा.

तर हा दोझांगर. नाव आठवत असेल तुमच्यातल्या काहींना, टीव्हीवर यायचा, शिंगं, तलवार, छातीवर लाल बिल्ला. खेळण्यांच्या कंपनीनं ठरवलं की त्याचा नवा, थाटातला रोबो काढायचा. कंपनीतून कुझे आला. कुझे म्हणजे आखणी करणारा, तिशीतला, गुणी आहे, चपलांची तोंडं दाराकडे करून, नीट लावून आत येतो. नकाशा पसरला आणि म्हणाला, "ओगिसोसान, या वेळी सगळं धातूचं. डोक्यापासून टाचेपर्यंत. आणि सांधे सगळे हलणारे."

मी काय केलं? मी दातांतून श्वास आत ओढला. स्सस... आमच्याकडे याचा अर्थ, नाही, अजिबात नाही, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं. तोंडानं म्हणालो, "जरा अवघड दिसतंय." कुझेला कळलं. कळणारच, कारण त्यानं स्वतः कालच विभागप्रमुख अबिकोसाहेबांसमोर तसाच स्सस केला होता, आणि अबिकोसाहेबांनी त्यांच्या वरच्यांसमोर. खालपासून वरपर्यंत सगळ्यांनी श्वास आत ओढला, एकानंही तोंडानं नाही म्हटलं नाही. मग? मग रोबो तयार झाला! नाही म्हटलंच नाही ना कुणी.

आता त्यात अडचण काय होती ते ऐका, सोपं आहे. बाहेरून कितीही जस्त चढवा, आत सांध्याची चकती असते प्लास्टिकची, दातेरी, कटकट वाजते ती. जस्ताचा हात, जस्ताची तलवार, जस्ताची छाती, जस्ताची शिंगं, आणि सगळ्यांना पेलायचं कुणी, तर अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या चकतीनं. मी मासुएला म्हणालो, मासुए म्हणजे माझी बायको, कारखान्यातल्या कडा कानशीनं तीच घासते, तर तिला म्हणालो, हा हात टिकत नाही बघ. ती म्हणाली, अहो, मग सांगा ना त्यांना. म्हटलं, सांगितलं की, किती मोठ्यानं श्वास ओढला मी!

प्रदर्शन लागलं. मोठा हॉल, काचेची पेटी, वरून दिवे, आत दोझांगर, तलवार आभाळाकडे. मला आमंत्रण होतं, मी कोट घालून गेलो. सकाळी काय दिसत होता! खोटं कशाला बोलू, माझ्या वडिलांनी पाहिला असता तर दोन घोट जास्त घेतले असते त्या दिवशी. लोकांची रांग. सगळे काचेतून बघून म्हणतायत, हा जड असणार. हातातही न घेता! बघूनच जड!

दिवे तापले. तलवार खांद्याशी आली. लोकांना वाटलं, पवित्रा बदलला. जेवणाच्या वेळेला ती गुडघ्याशी आली. मग कंबरेची चकती... एक दाता सुटला. मग दुसरा. छाती पुढे, शिंगं पुढे, हळू हळू, हळू हळू, आणि तुम्हाला सांगतो, दोझांगर कमरेत वाकून लोकांना नमस्कार करायला लागला. तोही कसा, घाईचा नाही, अगदी शाळेत शिकवतात तसा, पाठ सरळ ठेवून. आणि आमची माणसं! समोरचा वाकला की आपण वाकायचं, अंगातच मुरलंय. रांगेतला एक जण वाकला, त्याच्या मागचा वाकला, एका आजीबाईंनी तर पिशवी खाली ठेवून व्यवस्थित नमस्कार केला. तेवढ्यात अबिकोसाहेब आले. ते पेटीसमोर उभे राहिले, रोबोचा आणखी एक दाता सुटला, आणि अबिकोसाहेब... वाकले. वाकल्यावर लक्षात आलं त्यांच्या. पण वाकलेला माणूस लगेच सरळ होऊ शकत नाही, बरं दिसत नाही ते. ते दोघं तसेच राहिले बराच वेळ.

हसू नका. मी हसलो नाही. कारण मला पुढचं दिसत होतं.

पुढचं काय, तर कुझे आला, हातात मिठाईचा खोका. आमच्याकडे मिठाईच्या खोक्यावरून बातमी कळते. छोटा खोका, काम लांबलं. मध्यम खोका, कामात चूक झाली. मासुएनं दारातच खोका पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. दोन थरांचा होता, वर रेशमी कापडाची गाठ. कुझे म्हणाला, या वेळी सगळं प्लास्टिकचं करायचं ठरतंय. डोक्यापासून टाचेपर्यंत. नडग्यासुद्धा.

आता तुम्हाला उलगडून सांगतो. त्या वर्षी माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. बोळात पूर्वी घराघरात भट्टी होती, आता शेजारी सायकली ठेवायची जागा आहे आणि पलीकडे कुत्र्यांचे केस कापतात. दोझांगरच्या नडग्या गेल्या की माझी भट्टी विझली. विझली की परत पेटवायला कोण येतंय? मी खूप घाबरलो होतो. कुझेसमोर काय बोललो, तर म्हणालो, चहा घ्या.

पण त्यांचा प्लास्टिकचा नमुना झाला आणि काय शिष्टाचार बघा, मला बैठकीला बोलावलं. काम काढून घेतलं त्या माणसाला बोलवायचं, म्हणजे वाईट वाटत नाही! गेलो. नमुना टेबलावर. खरं सांगू? सुरेख होता. हात वर केला, वरच राहिला. गुडघ्यावर बसवला, बसला. नडगीवरच्या रिबिटा माझ्यापेक्षा बारीक उठल्या होत्या. राग आला मला, पण सुरेख होता. मग अबिकोसाहेबांनी तो तळहातावर घेतला आणि डोळे मिटले. भातासाठी तांदूळ धुऊन ठेवलेत आणि गॅस गेलाय, असे बसले होते सगळे. डोळे उघडून साहेब म्हणाले, "हं. छान आहे. पण... हातात घेतल्यावर जड लागलं पाहिजे."

झालं! पुन्हा तेच. कुझेनं श्वास ओढला. त्याच्या शेजारणीनं ओढला. टेबलाभोवती स्सस, स्सस, जसा काय सगळ्यांचा चहा एकदम गरम निघाला. आणि माझं टाळकं सटकलं. इतकी वर्षं नाही सटकलं, त्या दिवशी सटकलं. मी म्हणालो, "मग पोटात एक जस्ताचा गोळा घाला आणि मोकळे व्हा."

टोमणा होता हो तो! टोमणा! पण त्या खोलीत इतक्या सरळ भाषेत कुणी कधी काही बोललंच नव्हतं, त्यांनी लिहून घेतलं. अबिकोसाहेब म्हणाले, उत्तम. कुझे तर उठून वाकला. दाराशी मला म्हणाला, "ओगिसोसान, काम तुमच्याकडेच." मी विचारलं, "आकार कसा हवा?" तो म्हणाला, "कसाही चालेल. दिसणार नाहीये."

तर आता मी गोळे ओततो. भट्टी पेटलेली आहे, तक्रार नाही. त्याला रिबिटा नाहीत, बोटं नाहीत, रंग नाही, मासुएची कानस टांगून ठेवलीय कारण कडा कशाला घासायच्या, पोटात कोण बघतंय. माझ्या वडिलांनी पाऊल ओतलं तर तळव्यावर रेघा उठायच्या. मी गोळा ओततो. मला वाईट वाटतं. मासुए म्हणते, अहो, वाईट वाटून घ्या, पण जेवून मग घ्या.

आणि खपला! दोझांगर असा खपला की विचारू नका. लोक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून फोटो काढतात, लिहितात, जुन्या ओतकामाची शान परत आली. कुठलं ओतकाम? मागच्या रविवारी एक गृहस्थ दारात. दातांचे डॉक्टर, सेंगोकु नाव, कुठून तरी माझा पत्ता काढून दोन गाड्या बदलून आलेले. दोझांगर रुमालात गुंडाळून आणलेला. म्हणाले, लहानपणी आईनं टाकून दिला होता, आज परत मिळाला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, चेष्टा करत नाही मी. मग नडगीवरून बोट फिरवत म्हणाले, "हा गारवा. हा धातूचा गारवा तुमच्याच हातचा." प्लास्टिक होतं ते. बाहेर थंडी होती म्हणून गार होतं.

मी श्वास आत ओढला, स्सस... त्यांना वाटलं, मी भारावलो. म्हणाले, यावर तुमची सही हवी, नडगीवरच, तुमचं काम आहे ते. मासुए पडद्याआडून बघतेय. मी पेन घेतलं आणि केली सही. उभ्या जन्मात नडग्या ओतल्या, कधी कुणी सही मागितली नाही, आणि केली ती पहिली सही दुसऱ्याच्या नडगीवर.

डॉक्टरांनी फुंकर घालून शाई वाळवली. रोबो तळहातावर ठेवला, डोळे मिटले, आणि मला म्हणतात, "ओगिसोसान, सही झाल्यावर आणखी जड लागतोय."

म्हटलं, लागणारच.