धाकट्याचा पट्टा

सूर्यभान : हात वर कर. अरे, वर म्हणजे वर! माझ्या हातात टेप आहे, दाभण नाही.

पुंजाराम : आदी दार लाव.

सूर्यभान : भर दुपारी शिंप्यानं दार लावलं तर गाव काय म्हणेल? हा बघ, पडदा ओढला. काढ बंडी.

पुंजाराम : हसू नको.

सूर्यभान : बिगरीपासून तुला हसत आलोय, आज का थांबू? गाव म्हणतं पोटाचं ऑपरेशन झालं, पुढचं कोणी सांगत नाही... अच्छा. हे होय ते?

पुंजाराम : व्हय. लढाई चालू हुती तवा नगरला कापलं. आतड्यात गाठ हुती. ती काढली आन आतड्याचं त्वांड हितं डाव्या अंगाला भाईर आनलं. आता समदं हितूनच, ह्या रबराच्या पिशवीत.

सूर्यभान : डाळिंबाच्या फुलासारखं लाल दिसतंय. दुखतं?

पुंजाराम : त्ये न्हाई दुखत. ही दोरी काचती. पिशवी सरकती, मंग गळती. आन त्ये कवा बी वाजतं. छबू त्येला धाकटं म्हनती. वाजलं की म्हनती, बघा हो, धाकटं उठलं.

सूर्यभान : वहिनींचं बरंय. या वयात घरात पाळणा हलला.

पुंजाराम : तुला गंमत वाटती. परवा मनकर्णीला बघाया अकोल्याकडचं पाव्हनं येनार हायेत. बापाच्या जागी माझा भाऊ श्रीमंता बसंल. मी मळ्यात जाऊन बसतो.

सूर्यभान : मनकर्णा काय म्हणाली?

पुंजाराम : कालधरनं बोलत न्हाई. ताट आनती, ठिवती, जाती.

सूर्यभान : मग म्हणाली की!

पुंजाराम : आन बैठकीत वाजलं तर? वास आला तर? म्हनत्याल, बापाची ही गत, पोरीत काय रोग असंल कुनाला ठावं. सोयरीक मोडंल, सूर्या. माझ्यापायी.

सूर्यभान : मोडेलही. पण तुझा श्रीमंता बोलायला लागला की दुभती म्हैस आटते. त्याच्यापायी मोडण्यापेक्षा तुझ्यापायी मोडलेली बरी.

पुंजाराम : हसवू नको, लेका! पिशवी हालती.

सूर्यभान : हालू दे. ऐक. चार बोटं रुंद पट्टा शिवतो, मांजरपाटाचा, दुहेरी. आतून मऊ फलालीन. मधे पिशवीच्या कड्याच्या मापाचं भोक, म्हणजे सरकायचं नाव नाही. नाड्या उजव्या अंगाला. वर पैरण जरा ढिली. पट्टे दोन करतो, एक अंगावर, एक वाळत.

पुंजाराम : आन वाजलं तर?

सूर्यभान : त्याला काज-बटण करता येत नाही, बाबा.

(पाच दिवसांनी, त्याच दुकानात.)

सूर्यभान : या, या! बैठकीला बसलास म्हणे. आणि मला सांगायला आज उगवलास!

पुंजाराम : बसलो. सकाळी चार घास कमी खाल्लं, पट्टा आवळला, सतरंजीवर मदोमद बसलो. मनकर्णी पव्हं घिऊन आली. समदी गप. आन नेमकं तवाच...

सूर्यभान : धाकटं उठलं!

पुंजाराम : अशी लांब तान घेतली! श्रीमंता झाकाया म्हनून खोकाया लागला. त्येचा खोकला सरंना, ह्येची तान सरंना.

सूर्यभान : अरे देवा! आणि तू?

पुंजाराम : म्या पट्टा दोनी हातांनी दाबला. मनकर्णीच्या हातातलं ताट हालाया लागलं. वाटलं, पोरगी रडती. बघतो तर हसू दाबती. मंग मी बी सांगून टाकलं. म्हनलं, पाव्हनं, माजं आतडं कापलंय, वाट बाजूनं काढलीया. आवाज माझ्या हातात न्हाई. पोरगी धडधाकट हाय. इचारायचं त्ये इचारा.

सूर्यभान : काय विचारलं?

पुंजाराम : नवऱ्या पोरानं आपल्याम्होरचा पान्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. त्येचा बाप, काकासाहेब, उठला आन म्हनला, जरा भाईर या. म्हनलं, मोडली.

सूर्यभान : मग?

पुंजाराम : गोठ्याकडं नेलं मला. डोळं भरलं हुतं गड्याचं. म्हनला, माजा थोरला भाऊ कानिफनाथ, मुदतीच्या तापात त्येचं आतडं फुटलं. त्येला बी डाक्टरनं असंच केलंय. आठ म्हैनं आतल्या खोलीतनं भाईर न्हाई. बायकोला जवळ येऊ देत न्हाई, जेवतो बी एकलाच. कुनी इचारलं तर आमी सांगतो, ममईला गेलाय.

सूर्यभान : आठ महिने... आणि सोयरीक?

पुंजाराम : झाली. वैशाखात लगीन. मनकर्णीला इचारलं, पोरगा पटला का? म्हनली, त्यो खोकला न्हाई.

सूर्यभान : पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी. मग आज काय, सासऱ्याचा कोट?

पुंजाराम : कोट राहू दे. सोमवारी अकोल्याची यष्टी धरतो, कानिफनाथाकडं. येक पट्टा शिव. माप न्हाई, पर आंगानं माझ्याहून थोर हाय म्हनत्यात. नाड्या लांब ठिव.

सूर्यभान : शिवतो. पण तू तर चार माणसांत तोंड न उघडणारा गडी. त्याला जाऊन सांगणार काय?

पुंजाराम : सांगायचं काय त्यात? शेजारी बसून जेवीन.