डाव्या टोकाची जागा

...आणि वर बायको विचारते, "मजा आली ना?" मजा? अहो, जेवायला गेलो होतो मी, जेवायला! तुम्हाला सांगतो, त्या एका जेवणासाठी तीन आठवडे घरी सराव केलाय. एका वाटीतले सोयाबीन काड्यांनी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, एकेक, उजव्या हातानं, आणि फुमिए, म्हणजे आमची ही, समोर हाताची घडी घालून... "सांडला. परत." बासष्ट वय आहे हो माझं.

कारण काय, तर आमच्या चिनात्सुचं लग्न ठरतंय आणि मुलाकडचे निघाले क्योटोचे. आम्ही पडलो ओसाकाचे, पोटात ते ओठांत. आणि क्योटोत? शेजारी म्हणाला, "तुमच्या मुलीचा पियानो किती छान ऐकू येतो," की आपण मुकाट्यानं खिडकी लावून घ्यायची. शालजोडीतले देणारी माणसं. आणि त्यांच्यासमोर मी डावखुरा! गवती चटया शिवतो मी, चाळीस वर्षं, ते काम म्हणजे माझ्या खरोखरच डाव्या हाताचा मळ. पण जेवताना उजवा. लहानपणी आई डाव्या हातावर पळी हाणायची, "चारचौघांत नाक कापशील माझं!" तेव्हापासून घरी डाव्यानं जेवतो, बाहेर उजव्यानं, आणि म्हणून बाहेर अर्धपोटी.

चिनात्सु म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवा हो तुम्हाला हवं तसं." ती असं म्हणाली म्हणून तर जास्त धसका. गुणी पोर आहे. माझ्या एका हातापायी तिचं बिनसलं तर?

तर ते हॉटेल. बाहेर पाटी नाही, आत आठ खुर्च्या, सगळ्या एका ओळीत, आणि समोर फळीपलीकडे आचारी ताकेबे. हा माणूस बोलत नाही. बघत पण नाही, असं आपल्याला वाटतं. माझ्या उजवीकडे ही, तिच्यापलीकडे चिनात्सु, मुलगा आणि विहीणबाई, डावीकडे अगदी टोकाला होऊ घातलेले व्याही, निशिवाकीसान. पहिली बशी आली, त्यात एक पान आणि पानावर काहीतरी... मी आधी पानच खाल्लं. हिनं पाय दाबला. दुसऱ्या बशीला "उजवा" म्हणून कुजबुजली. अहो, जेवायला गेलो होतो की ड्रायव्हिंगच्या परीक्षेला?

आणि तिसऱ्या वाडग्यात अळकुडी. उकडलेली, गुळगुळीत, एकच. धरली... सुटली... आणि फळीवरून घरंगळत थेट ताकेबेच्या सुरीपाशी जाऊन थांबली. विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "किती चपळ आहे हो!" आता अळकुडी चपळ की मी? काही कळायला मार्ग नाही.

ताकेबेनं ती फडक्यात उचलली. म्हणाला, "काड्या ओल्या झाल्यात, बदलून देतो." नव्या ठेवल्या, आणि बघतो तर टोकं उजवीकडे! पुढची बशीसुद्धा फिरवून ठेवलेली. डावखुऱ्याला लागते तश्शी. शब्द नाही, नजर नाही. मी आल्या आल्या गरम रुमाल डाव्या हातानं घेतला होता, तेवढंच त्यानं टिपलेलं. तुम्हाला सांगतो, आईला सुचलं नाही, मास्तरांना सुचलं नाही... माझे डोळेच भरून आले. म्हटलं, वासाबी चढला नाकात. ही म्हणाली, "त्यात वासाबी नाहीये."

मग काय, मी डाव्यानं सुरू केलं. काय चव असते हो जेवणाला! बाहेर पहिल्यांदाच कळली. पण प्रत्येक घासाला माझं डावं कोपर निशिवाकीसानांच्या उजव्या कोपरावर. एकदा माफी, दोनदा माफी, तिसऱ्यांदा त्यांचा साकेचा पेला त्यांच्याच मांडीवर! त्यांनी शांतपणे पुसली आणि म्हणाले, "आपण जागा बदलू या का? या टोकावरून बाग फार छान दिसते."

झालं! मला उठवतात? लेकीदेखत कोपऱ्यात बसवतात? रक्त उसळलं, पण जीभ आवरली, चिनात्सुकडे बघितलं आणि गेलो. बसलो. बाग शोधतो तर नुसती मातीची भिंत. बाग कुठाय? पान नाही हो हिरवं! आता उसळून त्यांच्याकडे वळणार, तेवढ्यात घास घेतला... आणि कोपर कुणाला लागलं नाही. डावीकडे कुणीच नव्हतं. हातभर मोकळी जागा.

माझ्या जागी निशिवाकीसान ओली मांडी घेऊन मासा खात होते, माझ्याकडे ढुंकूनही न बघता. देव भलं करो त्या माणसाचं. पुढच्या सगळ्या बशा मी चाटूनपुसून खाल्ल्या.

निघताना मी त्यांच्यापुढं कमरेत वाकलो आणि म्हणालो, "बाग खरंच फार सुंदर होती." तेही वाकले, माझ्याहून खाली. "पुढच्या वेळी तीच जागा ठेवायला सांगतो."

स्टेशनच्या वाटेवर चिनात्सु म्हणते, "बाबा, मी हात धुवायला जाताना बघितलं. तिथं नुसती भिंत आहे."

मी म्हटलं, "हो. पण काय बहरली होती!"

फुमिएनं कपाळावर हात मारला. "घ्या! लेक सासरी जायची ती जाईल, बाप आधीच क्योटोचा झाला."