साळोख्यांची रविवारची फेरी

मंडळी, वहिनी, गल्लीतली थोरली माणसं, कारखान्यातली साहेब मंडळी. लई माणसं जमलीत. ज्यानं आपल्याला एके जागी कधी बसू दिलं न्हाय, त्याच्यासाठी आज आपण सगळी मांडी घालून बसलोय. मला सभेत बोलायची सवय न्हाय. मी गणपत माने, मिसळीचं दुकान चालवतो. हात रिकामे असले की मला काय सुचत न्हाय, म्हणून मघापासनं ह्या माईकची वायर धरून उभा हाय. बोलता बोलता हिकडं-तिकडं चाललो तर सांभाळून घ्या.

मधुकर साळोखे गेला. मी त्याला साळोखेसाहेब म्हणणार न्हाय. आम्ही शाळेत एका बाकावर बसून मार खाल्लाय. मधू गेला त्याला आज तेरा दिवस झाले, आणि तेरा दिवस सगळी एकच बोलत्यात, माणूस चांगला होता. व्हय, चांगला होता. पण माझा त्याच्यावर बारा वर्षं राग होता. तो कशापायी, हे सांगितल्याशिवाय मला खाली बसता यायचं न्हाय.

मधू साखर कारखान्यात फिटर होता. कारखान्यानं त्याला नव्या मशीनचं काम शिकायला सहा महिने फ्रान्सला पाठवलं. त्या वेळी परदेशी जायचं म्हणजे सगळी गल्ली हार घेऊन स्टेशनावर. आम्ही बँडसुद्धा नेलता. मधू गेला ल्योन नावाच्या गावाला, आणि पहिला महिना त्यानं नुसत्या पावावर काढला. भाषा येईना. खानावळीत शिरायचं भ्या वाटायचं. सहा फुटी गडी, हितं लाल मातीत कुस्ती खेळलेला, आणि तिथं पावाचा तुकडा घेऊन खोलीत बसायचा.

मग त्याच्या घरमालकिणीनं त्याला एका म्हाताऱ्याच्या हवाली केलं. म्हातारा रेशमाचा विणकर, काम सोडलेला. दर रविवारी सकाळी परगावच्या चार माणसांस्नी घेऊन गावातनं पायी हिंडायचा. एका भट्टीवर पाव. एका दुकानात चीज. मी मधूला विचारलं, चीज कसं लागतं रं? तर म्हणाला, खरवसाला राग आला तर कसा लागंल, तसं. प्रत्येक ठिकाणी एकच घास द्यायचा. उभ्यानं खायचा. कुणी केलं, कसं केलं, ते ऐकायचं आणि पुढं चालायचं. त्या चालण्यात मधूला ते गाव कळलं. आल्यावर मला म्हणाला, गणपा, मी तिथं पहिल्यांदा पोटानं न्हाय, पायानं जेवलो.

आणि मग त्यानं ते खूळ हितं आणलं.

आठवतंय की तुम्हाला? रविवारी सकाळी पांढरी टोपी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा, मागं पाच-सहा पावणं. कारखान्याला आलेले इंजिनीयर, कुणाचे जावई, अंबाबाईला आलेलं एखादं बिऱ्हाड. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, एक घोट. पेठेत भडंग, एक मूठ. शांताक्काच्या चुलीवरची भाकरी आणि खर्डा, एक तुकडा. खानावळीत पांढरा रस्सा, एक वाटी, तीही अर्धी. कुणी बसायला लागलं की मधू म्हणायचा, चला पावणं, गाव पुढं हाय.

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच फेरीला माझं दुकान दुसऱ्या नंबरला होतं. दुधानंतर मिसळ. मधू आदल्या दिवशी येऊन बजावून गेलता, गणपा, एकेक चमचा दे. त्याच्यावर देऊ नको. मी हूं म्हटलं. पण तुम्हीच सांगा, माझ्या दारात आलेला माणूस एका चमच्यावर जाणार? आमच्या बापानं असं कधी केलं न्हाय. मी बाकडी पुसली. पावण्यांस्नी बसवलं. ताटल्या भरल्या. कट वाढला, पाव वाढला, नगं म्हटलं की अजून वाढला. त्यात एक फ्रान्सचाच इंजिनीयर होता, मशीन बसवायला आलेला. त्याच्या डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, टाळूवर घाम. मला वाटलं गडी खूश हाय. मी त्याला तिसऱ्यांदा कट वाढला.

फेरी तिथंच संपली. कुणाला उठवंना. तिकडं शांताक्का चूल पेटवून, वीस भाकऱ्या थापून वाट बघत बसली. खानावळीत पांढरा रस्सा गार झाला. माझ्याकडनं पुढं कुणी गेलंच न्हाय.

मधू ओरडला न्हाय. ओरडला असता तर मी पण ओरडलो असतो आणि मिटलं असतं. सगळी गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "गणपा, तू त्यांस्नी जेवायला घातलंस. मी त्यांस्नी गाव दाखवत होतो."

पुढच्या रविवारी माझं दुकान फेरीतनं गेलं. गेलं म्हणजे कसं? तो यायचा. सगळी फेरी झाल्यावर शेवटाला माझ्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं पावण्यांस्नी उभं करायचा. माझ्या कढईकडं बोट दाखवायचा. कायतरी सांगायचा. आणि घेऊन जायचा. आत पाऊल न्हाय, चमचा न्हाय, काय न्हाय. बारा वर्षं, मंडळी. मी आत झारा घेऊन उभा, आणि समोर माणसं वास घेऊन परत चालल्यात.

तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं हा मला शिक्षा देतोय. पावण्यांस्नी दाखवतोय, ह्योच तो, ज्यानं माझी पहिली फेरी बुडवली. सोमवारी सकाळी तोच मधू माझ्याकडं मिसळ खायला यायचा, गप्पा मारायचा, पोराबाळांची विचारपूस करायचा. मी वाढायचो. पण रविवारचं त्यानं काढलं न्हाय, मी विचारलं न्हाय. मला विचारायची लाज वाटली. खरं सांगतो, ताठा होता माझा.

मधनंमधनं माझ्याकडं परगावची माणसं यायची. वर्षानं, दोन वर्षानं. थेट यायची, बाकड्यावर बसायची, पोटभर खायची. मी मिशीला पीळ द्यायचो, माझ्या हाताची कीर्ती पार पुण्या-सोलापूरला पोचली म्हणून.

परवा वहिनींकडं बसलो होतो. मी आपलं बोलता बोलता रागाचं बोलून गेलो. माणूस गेल्यावर बोलू नये, पण बोललो. वहिनींनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि मला ल्योनची राहिलेली गोष्ट सांगितली. तो म्हातारा प्रत्येक फेरीच्या शेवटी एका दुकानासमोर थांबायचा. काचेतनं दाखवायचा. आत न्यायचा न्हाय. म्हणायचा, हे पुढच्या खेपेला. आणि ते दुकान कुठलं, तर त्याला गावात सगळ्यांत आवडणारं. मधूची पुढची खेप झालीच न्हाय, सहा महिने संपले, जहाज धरलं. वहिनी म्हणाल्या, भावजी, सगळं ल्योन विसरले ते, पण न खाल्लेलं तेवढं एक दुकान मरेपर्यंत सांगत होते.

मग मला ती परगावची माणसं आठवली, एकेक करून. ती कुणाच्या सांगण्यावरनं आलती, ते मला आता कळलं. आणि मी मिशीला पीळ देत होतो.

त्या दिवसापासनं मी एका जागी बसलेलो न्हाय. घरचे म्हणत्यात, बसा जरा. कसा बसू? वहिनींनी माझ्या हातात एक पोस्टकार्ड दिलंय. येत्या रविवारी मिरजेहून आठ माणसं येणार हायत. मधूनं त्यांस्नी या म्हणून कळवून ठेवलंय आणि स्वतः निघून गेला. आता त्यांस्नी कोण फिरवणार?

मी फिरवणार. काल सकाळी एकटा रस्ता चालून बघितला. गंगावेशीत एक घोट. भडंग, एक मूठ. शांताक्कानं भाकरीचा तुकडा दिला आणि डोळ्याला पदर लावला. मग माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, मधू जिथं उभा ऱ्हायचा तिथं जाऊन उभा ऱ्हायलो. जन्मात पहिल्यांदा माझं दुकान मी बाहेरनं बघितलं. कटाचा वास आला. पोटात भूक होती. पाय आत ओढत होते. मी गेलो न्हाय. लई जड गेलं, मंडळी.

रविवारी तिथंच आठ माणसांस्नी उभं करीन. त्यांस्नी आत बोलवायला माझी जीभ वळवळंल. माझा हात झाऱ्याकडं जाईल. तवा तुमच्यातलं कुणीतरी माझा हात धरा. मला म्हणायचं हाय, पावणं, हितं पुढच्या खेपेला.

आता उभं ऱ्हाऊया. सगळ्यांनी, उभ्यानंच. बसलेली माणसं त्याला आवडायची न्हाईत. थोडा वेळ कुणी बोलू नका, मी पण वायर सोडतो आणि गप होतो. मधूची अजून एक आठवण माझ्याजवळ हाय, सगळ्यांत गोड. ती आज सांगणार न्हाय.