मंगळवारची बैठक कुंदाताईंची होती

यशवंतभाऊ, पल्लवी, आणि इथे जमलेले सगळे आप्त हो,

आज माझ्या हातात कागद नाही. परवा विद्यापीठातल्या शोकसभेत होता. तिथे मी हिंदीत बोललो. छान बोललात, असं दोघांनी येऊन सांगितलंसुद्धा. त्या छान बोलण्याची लाज घेऊन मी आज दुर्गहून इथे आलो आहे. शब्द जड जातायत. सांभाळून घ्या असं म्हणत नाही. फक्त ऐका.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. कुंदाताई हटवार आमच्या ग्रंथालयात सहायक होत्या. तुमच्यासाठी त्या सेक्टर सहामधल्या कुंदाताई, भंडाऱ्याकडच्या, मोठ्याने हसणाऱ्या. आमच्यासाठी त्या कोण होत्या, ते परवा मी सांगितलंच नाही.

आमच्याकडे परीक्षेचे गुण ऑनलाइन भरायची नवी पद्धत आली, तेव्हाची गोष्ट. कुणालाच काही जमेना. प्राध्यापक क्लार्कवर ओरडायचे, क्लार्क कॉम्प्युटरवर. परीक्षा विभागातले कापगते, हे मागे बसलेत, एक दिवस टेबलावर डोकं टेकवून बसले होते. कुंदाताई त्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुमाले जे येते ते मले दाखवा. मले जे येते ते तुमाले दाखवून देईन."

मग त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "सर, सारेच आपापल्या खोलीत अडकून राहिले. एका जागी बसले तं सुटतीन."

अशी मंगळवारची बैठक सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीनंतर, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. प्राध्यापक, क्लार्क, प्रयोगशाळेतले टेक्निशियन, सगळे एकत्र. ज्याला येतं त्याने पुढे बसायचं, बाकीच्यांनी बघायचं. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना स्प्रेडशीट कुणी शिकवली? वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी!

तिथेच कुंदाताईंना एक गोष्ट कळली. एक विद्यार्थिनी आपले नमुने तपासायला नागपूरला पाठवत होती, आणि तेच यंत्र आमच्या केमिस्ट्रीत कापडाखाली झाकून पडलं होतं. कुंदाताई उठल्या आणि एकेका विभागात गेल्या. तीन महिने फिरल्या. कुठलं यंत्र, कुठल्या खोलीत, आणि चालवता कुणाला येतं. त्याची यादी केली, सगळ्यांना बघता येईल अशी. नाव ठेवलं, 'कोनापाशी काय'. शेवटच्या रकान्यात बहुतेक नावं टेक्निशियनची आणि अटेंडंटची होती. कारण चालवता त्यांनाच येत होतं.

लोक हो, ती यादी घेऊन रायपूरला, सगळ्या विद्यापीठांच्या बैठकीत कोण गेलं? मी गेलो. पडद्यावर 'संकल्पना' असं लिहिलं होतं आणि खाली एकच नाव होतं. माझं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच टाइप केलं होतं.

टाळ्या पडल्या. आमच्याकडे तंत्रज्ञान समिती झाली. मी अध्यक्ष. सदस्य फक्त प्राध्यापक. त्या नोटिशीवर सही माझी.

कुंदाताई नोटीस हातात घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, यात माहं नाव सुटलं वाटते."

मी काय म्हणालो? म्हणालो, "सुटलं नाही, ताई. आता हे सगळं औपचारिक झालंय. तुम्ही चहापाण्याचं तेवढं बघा."

त्या "बरं" म्हणाल्या. नोटिशीची घडी घातली आणि गेल्या. रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो. भांडणात तरी तोंडून काही खरं निघालं असतं.

समितीने यादीतली टेक्निशियनची नावं काढून विभागप्रमुखांची घातली. तसंच शोभतं, असं आम्हाला वाटलं. एका सत्रात यादी मेली. मुलं प्रमुखांकडे जायची, प्रमुखांना खोलीची किल्ली कुणाकडे असते तेही ठाऊक नसायचं.

आणि कुंदाताई? त्यांचा मंगळवार चालूच होता. सायकल स्टँडच्या पायऱ्यांवर. कापगते, मिस्त्री, चार-पाच जण, एका लॅपटॉपभोवती. एकदा मी तिथून चाललो होतो. त्यांनी हाक मारली, "या ना सर, बसा." मी म्हणालो, "मीटिंग आहे." कसलीही मीटिंग नव्हती.

त्यानंतर त्यांचं आजारपण. नऊ दिवस त्या दवाखान्यात होत्या. सहाव्या दिवशी मी सुपेल्याच्या बाजारात सफरचंदं घेतली आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. आत कापगते आणि मिस्त्री उभे दिसले. यांच्यासमोर ताईंना काय म्हणू? स्कूटर वळवली. ती सफरचंदं आम्ही घरी खाल्ली.

आणि परवा, त्यांच्या फोटोसमोर, मी म्हणालो, "उनका बहुत सहयोग मिला." कापगते उठून बाहेर गेले. मी मागे गेलो. ते म्हणाले, "सर, काम तिचं होतं. सहयोग तुम्ही केला, तोबी थोडे दिवस."

पल्लवी, काल मी कुलगुरूंना पत्र दिलं. यादी कुणाची, बैठक कुणाची, नाव कुणी खोडलं, सगळं लिहिलं. अध्यक्षपद सोडलं. यात मोठेपणा नाही, पोरी. हे तुझी आई असताना करायचं होतं. तेव्हा केलं असतं तर त्याला अर्थ होता. पायऱ्यांवरच्या मंगळवारी मी येऊ का, असं मी कापगतेंना विचारलंय. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. त्यांनी घाईने म्हणूही नये.

यशवंतभाऊ, मघाशी दारात तुम्ही म्हणालात, "घरी माही कुंदा तुमाले 'आमचे सर' म्हणे." मला तिथेच परत फिरावंसं वाटलं. पण एकदा फाटकातून परतलो होतो. आज आत आलो.

आता रीतीप्रमाणे दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगायचं असतं. ते मी सांगणार नाही. जिथे बोलायला हवं होतं तिथे मी गप्प राहिलो. गप्प राहा म्हणायचा हक्क मला उरलेला नाही.

कुंदाताई, हात जोडतो.

पल्लवी, तू सांग. तू सांगशील तेव्हा आम्ही उभे राहू.